पुन्हा जळलेली प्लेट

क्लच जळल्याचा वास लपवू म्हटलं तरी लपत नाही. घरची गाडी चढ चढून गॅरेजच्या फाटकात शिरली तेव्हा धाकटी दुसऱ्याच एका गाडीखाली आडवी पडली होती. वास आधी आला, आवाज मागून. इंजिन जिवाच्या आकांतानं ओरडत होतं आणि चाकं मात्र आपल्याच मर्जीनं सावकाश येत होती. क्लच सरकतोय हे तिला झोपेतही कळलं असतं. तिला खटकलं ते दुसरंच. या गाडीची प्लेट तिनं स्वतःच्या हातानं मागच्या उन्हाळ्यात नवीकोरी घातली होती.

"आला ना वास?" अण्णा गाडीच्या खिडकीतून म्हणाले. अण्णा म्हणजे तिचे वडील. गॅरेज त्यांनी उभं केलेलं, आता चालवायची ती. "सगळे जावईबापूंचे प्रताप! त्याच्या हाती सायकलसुद्धा देऊ नये."

थोरलीचा नवरा हा त्या घरातला हक्काचा गुन्हेगार होता. नळ गळला, जावई. दार कुरकुरलं, जावई. मागे प्लेट जळाली तेव्हाही घरानं एकमतानं त्याच्यावर खापर फोडलं, धाकटीनंही री ओढली, आणि नवी प्लेट टाकून सगळे मोकळे झाले. प्लेट का जळाली हे कुणी बघितलंच नाही. गिऱ्हाइकाची गाडी असती तर कारण सापडल्याशिवाय धाकटीनं किल्ली परत दिली नसती. घरच्या गाडीला घरचा न्याय, दुसरं काय!

"अण्णा, भावोजी प्लेट बदलली त्याच आठवड्यात परगावी कामावर गेलेत," ती म्हणाली. "अजून आलेले नाहीत."

"मग तू घातलेली प्लेट भंगार असेल. ते राहू दे. दुपारनंतर ताईला दवाखान्यात न्यायचंय, तोवर गाडी चालती कर म्हणजे झालं."

थोरलीचे दिवस भरले होते. दवाखाना खाली शहरात, डोंगराच्या कडेकडेनं उतरणाऱ्या वळणांच्या रस्त्यानं. धाकटीनं दोनदा सुचवून पाहिलं होतं की मी नेते. अण्णांनी ते उडवून लावलं. तुम्हा दोघींना त्याच दवाखान्यातून याच हातांनी घरी आणलंय, म्हणाले, आता हिलाही मीच नेणार. त्यावर बोलायची सोय नव्हती.

तिनं गाडी ताब्यात घेतली. हँडब्रेक खेचला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. धड क्लच असता तर इंजिन गचका खाऊन तिथल्या तिथं बंद पडलं असतं. हे बेटं पाय पूर्ण सोडला तरी निवांत घरघरत राहिलं. म्हणजे प्लेट धरतच नव्हती. पेडल दाबून पाहिलं, वरची ढील बरोबर होती, केबल कुठं ताणलेली नव्हती. मग ती गाडीखाली शिरली आणि गिअरबॉक्स उतरवला. आत तेलाचा टिपूससुद्धा नव्हता, म्हणजे गळतीही नव्हती. प्लेट मात्र आतल्या रिबिटांच्या खिळ्यांपर्यंत झिजून संपलेली, आणि जिच्यावर ती घासते ती इंजिनाची जड चकती तापून निळी पडलेली.

तिनं रिलीज बेअरिंग हातात घेऊन फिरवलं. ते कोरडं खरखरलं.

इथं तिचा हात थांबला. हे बेअरिंग फिरतं ते पेडलवर पाय असेल तेव्हाच. पाय काढला की त्याला काही काम नसतं. मागच्या उन्हाळ्यात घातलेलं बेअरिंग इतकं झिजलं याचा अर्थ एकच होता. गाडी चालवणारा क्लचवरचा पाय काढतच नव्हता, म्हणून प्लेटही पुरती न धरता घासत राहिली होती. आणि गाडी चालवत होते एकटे अण्णा.

तिला हसूच आलं. अण्णा? अख्ख्या गावाला ज्यांनी गाडी शिकवली, क्लचवर पाय ठेवून बसणाऱ्याला जे भर रस्त्यात खाली उतरवत, ते अण्णा? छे! स्प्रिंग कमजोर असेल. बेअरिंगच खराब निघालं असेल. तिनं मनाची समजूत घातली, तिन्हींच्या जागी नवे भाग बसवले आणि हात धुतले. खरं सांगायचं तर ती भ्यायली होती, आणि भ्यायलेलं माणूस कामाचा फडशा फार लवकर पाडतं.

दुपारी थोरली पिशवी घेऊन आली आणि कुरकुरत मागच्या सीटवर बसली. "मला बसायला एवढा वेळ लागतो, तेवढ्यात तुम्ही अख्खा क्लच बदलता," ती म्हणाली. धाकटी पुढं अण्णांच्या शेजारी बसली. ट्रायल घ्यायचीच आहे, मी पण येते, म्हणाली. अण्णांनी भुवई उडवली, पण नाही म्हणाले नाहीत.

गाडी छान निघाली. पहिला, दुसरा, तिसरा. गचका नाही, वास नाही. चढाचा शेवटचा टप्पा होता, त्याच्या पलीकडे उतार सुरू होत होता. अण्णा खुशीत होते, जावयाच्या नावानं काहीतरी पुटपुटत होते, थोरली मागून हसत होती. धाकटीला मात्र खालून एक बारीक आवाज ऐकू येत होता. नवं बेअरिंग फिरत होतं. गिअर पडून किती वेळ झाला होता, आणि ते फिरतच होतं.

तिनं खाली पाहिलं. अण्णांचा डावा पाय क्लचवर होता, घोट्यातून सैल, नुसता टाकून दिल्यासारखा.

"अण्णा, पाय काढा," ती हळूच म्हणाली.

"काढलाय की."

त्यांनी ते अगदी सहज म्हटलं. खोटं बोलणारा माणूस असं बोलत नाही. पाय तिथंच होता. तिला आठवलं, गेल्या आठवड्यात अण्णा एकाच पायात चप्पल घालून अंगणभर हिंडले होते, आणि तिच्यासकट सगळे पोट दुखेपर्यंत हसले होते.

"जरा बाजूला घ्या. आवाज येतोय."

"कसला आवाज?"

"घ्या ना, अण्णा."

समोर रस्ता खाली वळत होता, पलीकडे दरीकडेचा कठडा दिसत होता. अण्णांनी गाडी कडेला घेतली. ती थांबायच्या आतच धाकटीनं हँडब्रेक खेचला, हात दुखेपर्यंत.

"काय झालं? परत बिघडली?" थोरलीनं मागून विचारलं.

"काही नाही ताई. एक मिनिट." धाकटी वडिलांच्या कानाशी वाकली. "अण्णा, तुमचा पाय अजून क्लचवर आहे."

अण्णांनी मान खाली घातली. पुष्कळ वेळ ते पाहत राहिले. मग त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःची मांडी धरली, पाय उचलला आणि पेडलवरून बाजूला ठेवला. ओझं ठेवावं तसा. त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा तोरा उतरला होता, आणि तो चेहरा धाकटीनं कधीच पाहिला नव्हता. तिला रडू कोसळेल असं वाटलं. मागे ताई होती म्हणून तिनं ओठ चावून धरले.

"मुंग्या येतात हे माहीत होतं," ते पुटपुटले. "एवढं झालंय हे नव्हतं माहीत."

"कधीपासून?"

"मागच्या उन्हाळ्याच्या आधीपासून. हिचं बाळंतपण झालं की सांगणार होतो."

जावयावर आळ घेतला तेव्हाही त्यांच्या पायाला मुंग्या येतच होत्या तर. धाकटीला राग आला, आणि रागाच्या मागोमाग दुसरीच एक भीती आली. तिला विचारायचं नव्हतं. पण समोर उतार होता आणि मागे बहीण होती.

"आणि उजवा?"

अण्णांनी मागच्या आरशात थोरलीकडे पाहिलं. ती दोन्ही हात पोटावर ठेवून खिडकीबाहेर बघत होती.

"परवापासून," ते इतक्या हळू म्हणाले की धाकटीनं ते ओठांवरून वाचलं. "ब्रेक दाबला जातोय अजून. मी बघून घेतलं होतं."

धाकटीनं इंजिन बंद केलं. किल्ली काढून मुठीत धरली, उतरली आणि वळसा घालून त्यांच्या दाराशी गेली. कुणीच काही सांगितलं नाही, तरी अण्णांनी आपणहून दार उघडलं. डावा पाय हातानं उचलून बाहेर सोडला, मग उजवा. दाराला धरून ते उठायला लागले आणि अर्ध्यातच थांबले. पाय जमिनीला टेकलेत की नाही, ते वाकून बघत होते.