नाकातले अठरा ग्रॅम

बाबांना पुण्याला पाठवायचं ते दिल्लीच्या हवेमुळे, असं आम्ही त्यांना सांगितलं होतं. आम्ही म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ सुधन्वा. खरं कारण मी होते. ऑक्टोबरात एक दिवस ऑफिसच्या जिन्यात उभं राहून मी सुधन्वाला फोन केला आणि म्हटलं, "आता तू ने यार, मला होत नाही." तो लगेच हो म्हणाला, याचाही मला जरा रागच आला. हवेचं निमित्त मग मीच शोधून काढलं. मी फोन केला होता हे बाबांना कळू नये, एवढंच मला हवं होतं.

मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अंडर सेक्रेटरी आहे. खासदारांच्या प्रश्नांना उत्तरं लिहिणं हे माझं काम. उत्तर खरं असावं लागतं आणि त्यातून कोणाला काही कळता कामा नये. या विद्येत मी तीस वर्षं घातली आहेत. हिवाळ्यात दिल्लीची हवा वाईट असते, हे कोण नाकारणार?

बाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे. हवाई दलात मालवाहू विमानांवर फ्लाइट इंजिनिअर होते. निवृत्तीनंतर त्यांना प्लॅस्टिकच्या किटमधून छोटी विमानं जोडायचा नाद लागला. नोएडातल्या आमच्या दोन खोल्यांत कपाटावर, फ्रिजवर, देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवरसुद्धा विमानं आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला. कडेचं दिसतं, समोरचं नाही. तेव्हा एकच किट जोडायचं उरलं होतं, आणि ते नेमकं त्यांच्या विमानाचं. ज्याच्या पोटात त्यांनी बावीस वर्षं काढली, तेच, बहात्तर पटींनी लहान. ते पुण्याला बरोबर न्यायचं, असा त्यांनी हट्ट धरला. म्हणजे जोडायचं मी.

राजीव चौकाला मेट्रो बदलून, उभ्यानेच नोएडा गाठून मी घरी यायची तेव्हा साडेसात वाजलेले असत. मी चपला काढायच्या आत टेबलावरचा दिवा लागायचा. "चलो देविका, आज इंजिनं."

भाग किटच्या चौकटीतून कापायचा, घासायचा, आधी सुका बसवून बघायचा, मग गोंद. दर पायरीला बाबा विचारायचे, "झालं?" मी म्हणायची, "हो." मग ते जोडावरून बोट फिरवायचे आणि शांतपणे सांगायचे, "परत घास." मला त्या बोटाचा राग यायचा. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याने एवढं बारीक का बघावं? पण कधी हात चालता चालता ते बोलू लागायचे. लेहला थंडीत इंजिन बंदच करायचं नाही, परत चालू झालं नाही तर बसा तिथेच, असं काहीबाही. तेव्हा मीही पाय खुर्चीवर घेऊन ऐकायची, भाजी लागेपर्यंत.

रविवारी दुपारी सुधन्वा त्यांना न्यायला येणार होता. शनिवारी बाबा जेवून आडवे झाले होते. आदल्या दिवशी चिकटवलेली चाकं वाळली होती, म्हणून मी विमान पहिल्यांदाच टेबलावर उभं केलं. त्याने हळूच नाक वर केलं आणि ते शेपटीवर बसलं.

मी काय केलं होतं ते मला तेव्हाच कळलं. असल्या विमानाची मोठी चाकं पोटाखाली, एक छोटं नाकाखाली. प्लॅस्टिकचं धूड मागे जड पडतं, म्हणून पोट बंद करायच्या आधी नाकात वजन टाकावं लागतं. बाबांनी हिशेब करून दिला होता, अठरा ग्रॅम. शिशाचे छर्रे होमिओपॅथीच्या बाटलीत काढूनही ठेवले होते. पोट बंद केलं त्या संध्याकाळी माझ्या कानाला फोन होता, सकाळपर्यंत एका प्रश्नाचं उत्तर जायचं होतं. "वजन टाकलंस?" बाबांनी विचारलं. "हो," मी म्हटलं. एव्हाना त्या जोडावर पुट्टी आणि रंगाचे तीन हात चढले होते. बाटली भरलेलीच होती.

मग मी सरकारी माणसाने करावं तेच केलं. एक फळी घासून पॉलिश केली आणि चाकं तिच्यावर चिकटवून टाकली. विमान सरळ उभं राहिलं. छान दिसत होतं.

पाच वाजता बाबा उठून टेबलाशी आले. नाक, पंख, चारही पंखे, एकेक करत बोटं फिरली. "करेक्ट," ते म्हणाले. मग बोटं फळीला लागली.

"हे कशाला?"

"न्यायला सोपं."

त्यांनी फळी उचलली, मध्यावर दोन बोटांवर तोलली, ती मागे कलली तशी धरली आणि खाली ठेवली. ओरडले असते तर मी भांडले असते.

"बाबा, वजन राहिलं," मी म्हटलं. "मी हो म्हटलं, पण टाकलं नव्हतं."

"ते कळलं." मी कडेने तरी दिसावी म्हणून त्यांनी मान वळवली. "आता हवेचं सांग."

"हवेचं काय?"

"सुधन्वाचा फोन तुला आला, की तू त्याला केलास?"

तीस वर्षांची विद्या मी बाजूला ठेवली. "मी केला," मी म्हटलं. "मी दमलेय बाबा. फार दमलेय. मला तुमचा राग यायला लागलाय आणि मग त्याची लाज वाटते." मला रडू आलं.

"दमलीस तर दमले म्हणावं. तुझी आई असती तर तिने चार वर्षांपूर्वीच म्हटलं असतं."

"तिकीट रद्द करू?"

"करायचंय तुला?"

मी छर्ऱ्यांची बाटली हातात फिरवत राहिले.

"मग जातो," ते म्हणाले. "खरं सांगितलंस ते बरं झालं. हवेसाठी गेलो असतो, तर फेब्रुवारीत हवा सुधारल्यावर तुला मला परत आणावं लागलं असतं."

आवाजात राग अजिबात नव्हता. आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आतच मला हलकं वाटलं होतं.