सासूबाईंच्या मांडीवरची बादली

मी बादली बोलतेय. नाक मुरडू नका. हो, हो, न्हाणीघरात असते तसलीच, निळी, कडी वाकडी झालेली. पण तुमच्या बादलीत तुमची पँट भिजते आणि माझ्यातून आख्ख्या ओढ्याचा वंश गेलाय. आता बसा गुमान आणि ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. साच्यात ओतली, गार केली, बाहेर काढली. दुकानात आम्ही बहिणी एकीत एक घालून रचलेल्या. मी सगळ्यात खाली. ओझं सगळ्यांचं माझ्यावर आणि वरच्या गप्पा मात्र ऐकू येत नव्हत्या. फार हाल हो!

मला घेतली ती माशांवर काम करणाऱ्या एका बाईनं. खायचे नाहीत, जगवायचे मासे. सगळे तिला मासोळीच म्हणायचे. घरात नवरा आणि सासूबाई. नवऱ्यानं माझ्या झाकणाला भोकं पाडली आणि हवा सोडणारी नळी बसवली. दागिनाच म्हणा ना.

मला साबण कधी लागला नव्हता. ओढ्याच्या पाण्यानं विसळायची आणि उन्हात पालथी घालायची. आतून हिरवीगार शेवाळी. त्याचा मला भारी तोरा! सासूबाईंना मात्र मी डोळ्यांसमोर नको व्हायची.

"ही बादली आहे का डबकं? पाहुणे काय म्हणतील?"

"पाहुण्यांना त्यात पोहायला कशाला सोडता, आई?" मासोळी म्हणायची.

आता ओढ्याचं सांगते. पूर्वी कुणा शहाण्यांनी त्याला सरळ केला होता. वळणं काढली, तळाला सिमेंट ओतलं, काठची झाडं तोडली. दिसायला अगदी टापटीप. मासे म्हणाले, तुम्हीच राहा इथं! बोटभर लांबीचे, पोटाखाली तांबूस पट्टा असलेले ते इथले मूळचे मासे. त्यांना अंडी घालायला बारीक गोटे लागतात, लपायला मुळं लागतात, डोक्यावर सावली लागते. सिमेंटवर कोण संसार मांडणार?

मासोळीनं तो पुन्हा पहिल्यासारखा करायची खटपट केली. सिमेंट फोडलं. ओढ्याला वळणं दिली, गोटे पसरले, मुळांसकट ओंडके काठात रुतवले, झाडं लावली. मशीनवाले दादा वैतागले. "ताई, लोक खड्डे बुजवायला बोलावतात, तुम्ही पाडायला बोलावता!"

ओढा झाला देखणा, खालच्या झऱ्यांमुळे वाहताही. पण मासे कुठले? वरच्या अंगाला एका डोहात मूठभर उरले होते. मधलं पात्र कोरडं आणि उन्हानं डोह रोज आटत चाललेला. हे मूठभर गेले की संपलं, मग तो देखणा ओढा रिकामाच. उद्या सकाळी मासे हलवायचे, असं ठरलं.

आणि त्या संध्याकाळी सासूबाईंना सुनेची माया आली. मला घेतलं, लिंबाच्या वासाचा साबण ओतला आणि घास घास घासलं. मी बोंबलत होते, पण माझं कोण ऐकतंय!

सकाळी गाडी दारात. मासोळीनं झाकण उघडलं, वास घेतला आणि रडकुंडीलाच आली.

"आई, हे तुम्ही केलंत?"

"लख्ख झाली ना? आज मोठं काम आहे तुझं, म्हटलं शोभायला हवं."

"आई, साबण जरासा जरी राहिला ना, तर त्यांना श्वास घेता येत नाही. मरतील हो सगळे."

सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. मग एकदम ओरडल्या, "अगं, मग रडत काय बसलीस? वाळू आण!"

नवऱ्यानं वाळू आणली. सासूबाईंनी पुन्हा बसकण मारली. आदल्या दिवशी जितक्या मायेनं घासलं, त्याच्या दुप्पट रागानं. माझी कातडी सोलून निघाली! बाहेर गाडीवाला हॉर्न मारतोय, ऊन चढतंय.

"दम धर रे! तुझ्या गाडीपेक्षा ही महत्त्वाची आहे," सासूबाई ओरडल्या. मी, महत्त्वाची! तेही त्यांच्या तोंडून!

फेस गेला, वास गेला. तरी मासोळीचा जीव थाऱ्यावर नाही. डोहाजवळ तिनं मला काठावर पुन्हा विसळलं, पाणी भरलं आणि साबण उरलाय का बघायला आधी बेडकाचं एक पोर सोडलं. सगळे श्वास रोखून वाकलेले. ते येडं माझ्यात गोल गोल फिरत राहिलं, जत्रेत आल्यासारखं. मग मासोळीनं मासे घेतले.

गाडीत मला कुणी धरायचं, हा प्रश्नच आला नाही. सासूबाईंनी मला मांडीवर घेतलं. खड्डा आला की मला पोटाशी धरायच्या आणि भोकातून आत बोलायच्या, "घाबरू नका रे, पोचलोच."

नव्या ओढ्यात मला आडवी केली. मासे बाहेर येईनात. "जा की मेल्यांनो, घर बांधून दिलंय!" सासूबाई म्हणाल्या. एक निघाला, मुळाखाली शिरला. मग सगळे त्याच्यामागे सुळकन गेले. मासोळी रडली. सासूबाई स्वतःचे डोळे पुसत म्हणाल्या, ऊन गेलं.

पुढच्या वर्षी गोट्यांमधून काडीएवढी पिल्लं निघाली. आता तर ओढा नुसता वळवळतोय. मासे वाहून आणायची गरजच राहिली नाही.

माझ्या तळाला तडा गेलाय. पाणी ठरत नाही. तरी माझा तोरा कमी झालेला नाही. मी ओढ्याकाठी पालथी असते आणि सासूबाई माझ्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला पिल्लं दाखवतात. "आमची आहेत," म्हणतात.

तुम्हीही या. वाकून बघा, पण सावली पाण्यावर पाडू नका, लेकरं बिचकतात. आणि मला न्यायला टपलेला भंगारवाला भेटला तर त्याला सांगा, बादली मिळेल, पण आधी तिच्यावर बसलेल्या सासूबाईंना उठवून दाखव.