मेंढवाड्याच्या दारावरचं कातडं

दिवस मावळायला लागला की माझ्या भावाच्या मेंढवाड्यापुढे माणसांची रीघ लागे. दारावर विष घालून मारलेल्या लांडगीचं कातडं टांगलेलं, आणि त्याखाली हात वर करून, लांडगीचा कौल सांगणारे लांडगेमहाराज उभे.

"माते, राग गेला का?" असं विचारून ते लांडग्यासारखा लांबलचक गळा काढत. पलीकडच्या टेकडीवरून तसंच उत्तर येई, आणि माणसं पटापट जमिनीला कपाळ टेकत.

"राग आहे! पोरीला औषध दिलंत तर भडकेल. उद्या आणखी एक कोकरू आणा," महाराज सांगत. मातेला कोकरं पोचत ती महाराजांच्या पोटातून.

त्या संध्याकाळी आत घरात माझी भाची तापाने फणफणली होती. श्वास घेताना तिच्या बरगड्या आत ओढल्या जात.

"दादा, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने."

"नको गं. ती लांडगी पाजती होती. ठाऊक असून मी मांसात विष घातलं. पिल्लं उपाशी मेली. आता ती माझं पोर मागतेय."

दादाला पश्चात्ताप झाला होता, आणि महाराजांना तो आयताच सापडला होता.

मी शाळेत शिकवते. वर्गावर ओरडून आवाज कमावलाय. लाज गुंडाळून ठेवली, बाहेर येऊन महाराजांच्या शेजारी उभी राहिले आणि तसाच गळा काढला. टेकडीवरून उत्तर आलं. लगेच एक मावशी माझ्या पाया पडल्या.

"उठा हो मावशी! गिरणीवाले काका, आता तुम्ही."

काकांचा आवाज फुटक्या डब्यासारखा. त्यांनाही उत्तर आलं.

"काकांनाही सिद्धी मिळाली का, महाराज?"

"माता आज जरा गोंधळलीय," महाराज पुटपुटले. लोक खो खो हसले.

"टेकडीवर एक लांडगा दिसतो खरा," काका म्हणाले. "आम्हाला वाटलं, तिचंच रूप."

"तिचा नर आहे तो. लांडगा हाकेला हाक देतो, मग ती कुणाचीही असो. बाकीचे लांडगे भितील म्हणून दादाने कातडं टांगलं, आणि तिच्या वासाने हा इथेच घुटमळत राहिला. कातडं हलवू नका असं महाराज का बजावतात, कळलं?"

महाराज त्या दिवशी आलेलं कोकरू तिथेच टाकून सटकले.

माझ्या मागोमाग बाहेर आलेला दादा मात्र कातड्याकडे बघत होता. "म्हणजे तो रोज तिला शोधतोय?"

"हो, दादा."

भूत नव्हतं हे कळून त्याला हायसं वाटायला हवं होतं. तो मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडला. मी त्याची समजूत घातली नाही. काय घालणार? विष त्यानेच ठेवलं होतं.

"रडायला जन्म पडलाय. आधी पोरीला उचल," एवढंच मी म्हणाले.

न्यूमोनिया निघाला. डॉक्टरांनी आम्हा दोघांना फैलावर घेतलं, पण पोर वाचली. दादाने विष घालणं सोडलं आणि वाड्याला उंच कुंपण घातलं. पिल्लांचा विषय निघाला की तो अजूनही उठून बाहेर जातो.

हातून वाईट घडलं की मन खातं, आणि खावंच. पण ते मन कुणा महाराजाच्या हवाली करू नका. ते शांत झालं तर महाराजाचं पोट कसं भरेल? जरा डोकं चालवा. अपराध आपला असेल, तर आजारी लेकराने औषधावाचून का मरावं?