एकशे बारावा स्कॅन

स्कॅन विभागात नवा प्रोग्रॅम आला, तेव्हा परिचारिकांनी त्याचं नाव ‘जावई’ ठेवलं. पहिल्या दिवसापासून सगळ्यांनी मर्जी सांभाळायची म्हणून. तातडीच्या रुग्णाचा स्कॅन तो लगेच बघणार, धोका दिसला की लाल खूण करून डॉक्टरांच्या यादीत सगळ्यात वर आणणार. पण विकत घेण्याआधी त्याला दोनशे जुन्या स्कॅनवर पारखायचं ठरलं.

दुपारी स्कॅन काढणारा तंत्रज्ञ आणि डॉक्टरबाई शेजारी बसले. तो स्कॅन लावून जावयाला लागलेला वेळ लिहायचा, बाई जुन्या रिपोर्टशी ताडून बघायच्या. यादीत नावं नव्हती, नुसते क्रमांक. तरी एकशे बारावा लावताच त्याने ओळखला. कवटीवरची ती खाच आईची, लहानपणी झाडावरून पडल्याची. दोन वर्षांपूर्वी आईला त्यानेच टेबलावर झोपवलं होतं. मेंदूतला रक्तस्राव त्याच्या नजरेलाही खटकला होता. पण रिपोर्ट देणं त्याचं काम नव्हतं, आधी चौदा जण होते, आणि त्याने आईसाठी रांग मोडली नव्हती.

अकरा सेकंदांत लाल खूण उमटली. त्याने ‘अकरा’ लिहिलं.

बाईंनी जुना रिपोर्ट उघडला. सही त्यांचीच होती, चार तासांनंतरची. तारीख बघून त्या थबकल्या.

“ही तुझी आई ना?”

“हो.”

“मला एक फोन करायचा होतास. मी आधी बघितला असता.”

“तेव्हा ते सुचलं नाही, बाई.” त्याने स्कॅन बंद केला. “पुढचा लावू?”

त्यांनी मान हलवली. डोळ्यांत पाणी यायला हवं, असं त्याला वाटलं, आलं नाही. दोनशे पूर्ण झाले. शेऱ्याच्या रकान्यात त्याने लिहिलं, ‘घ्यावा.’

घरी वडील वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. त्यांच्यापासून लपवावं असं त्याच्या मनात आलं, पण तोंडातून सगळं निघून गेलं, फोनचंसुद्धा.

वडिलांनी हातातल्या सदऱ्याची घडी पूर्ण केली. मग म्हणाले, “म्हणजे वाचली असती?”

“सांगता येत नाही, बाबा. कदाचित.”

“बसवताहेत ना तो प्रोग्रॅम?”

“बसवताहेत.”

“बरं,” वडील म्हणाले, आणि चादरीची दोन टोकं त्याच्याकडे सरकवली. त्याने ती धरली.