पाठीवरचा हात

शाळेत घालायच्या आधी पोरांची तपासणी करून घ्या, हे सांगून सांगून माझं तोंड दुखायला लागलंय. मागच्या वेळी डॉक्टरांची गाडी आमच्या घिवलीत आली, तर नेमक्या होड्या लागल्या आणि सगळ्या आया किनाऱ्यावर. त्याआधी गाडीच आली नव्हती. आज गाडी आली, तर निमेशची आई लाडकी दारात निवांत बोंबील निवडत बसलेली.

"बाई, त्याचा बाप पन उशिराच बोलला," तिची सासू म्हणाली.

निमेश माझ्याच अंगणवाडीत येतो. चित्रं झकास काढतो, पण मागून हाक मारली की ढिम्म. त्याला कमी ऐकू येतं, असं मी लाडकीला कितीदा सांगितलं. "मंग शाळेत घेनार नाय ना?" एवढंच ती विचारते. घेतात, म्हटलं तरी तिला पटत नाही. शेवटी दोघांना हाताला धरून शाळेत आणलं.

डॉक्टरीणबाई घाईत होत्या, त्यांना अजून एक गाव उरकायचं होतं. निमेश आईला टेकून उभा राहिला. त्यांनी मागून टाळी वाजवली. तो वळला. पुन्हा वाजवली, पुन्हा वळला.

"ऐकतोय की," म्हणून त्यांनी पुढच्या पोराला बोलावलं.

मी लाडकीचा हात बघत होते. टाळी वाजली की तिचं बोट त्याच्या पाठीला लागत होतं. माझं डोकंच फिरलं. फाटकाबाहेर तिला गाठलं.

"पाठीला बोट कशाला लावलंस गं?"

"मी? कदी?"

ती खोटं बोलत नव्हती. कोणी हाक मारली की पोराला हात लावायचा, ही तिची सवयच झाली होती आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. माझा राग गेला, नुसता थकवा उरला.

"हात मागं घे," मी म्हटलं, "आणि हाक मार त्याला."

निमेश पुढं उभा राहून वाळत घातलेले बोंबील बघत होता.

"निमेश."

तो बघतच राहिला.

"निमेश रे."

तिचा हात आपोआप पुढं गेला. मी तो धरला. तिसरी हाक तिनं मारलीच नाही. एवढ्या मोठ्या पोराला कडेवर घेऊन ती माघारी शाळेत धावली. मी धापा टाकत मागं पोचले, तेव्हा ती डॉक्टरीणबाईंसमोर उभी होती.

"मॅडम, परत टाळी वाजवा," ती म्हणाली. "पोराला या बाई धरतील. मी भायेर उभी ऱ्हाते."