रिकाम्या बाजेखालचा शेक

मी शेगडी बोलतेय. बाळंतिणीच्या बाजेखाली ठेवतात ना, ती. बसा जवळ. आता माझ्यात विस्तव नाही, भाजायची भीती नाही.

भाषावार प्रांतरचनेत आमचं औराद गाव म्हैसूर राज्यात गेलं, त्याच सुमारास तिथल्या बाजारात एका लोहारानं मला घडवलं. पार्वतीबाईंनी थोरल्या सुनेच्या बाळंतपणासाठी मला घरी आणलं. काय थाट होता माझा! निखाऱ्यांवर ओवा पडायचा, धुरी घरभर व्हायची, वर बाळ-बाळंतीण घामाघूम. पार्वतीबाई दुसऱ्या कुणाला मला हात लावू देत नसत.

मग धाकटी सून राजूबाई बाळंत झाली. बाळ मेलेलंच जन्मलं. धडुत्यात गुंडाळून ते नेलं, आणि पार्वतीबाईंनी मला पेटतीच उचलून अंगणात ठेवलं.

"लेकरूच न्हाई, तर शेक कुणाला?"

त्या काही दुष्ट नव्हत्या. रीतच तशी होती. बाळ नाही तर बाज नाही, डिंकाचा लाडू नाही, रडणंसुद्धा नाही. राजूबाई ओल्या अंगानं खुरपायला गेली. पान्हा फुटायचा, चोळी भिजायची, सगळे तोंड फिरवायचे. ती जेवेनाशी झाली. विहिरीवर गेली की तिथंच पाण्यात बघत बसायची.

एके दिवशी सरकारी दवाखान्याच्या नर्स सुशीलाबाई आल्या. त्यांनी आधी मलाच शोधलं.

"शेगडी बाहीर कामून, मावशी?"

"लेकरू कुठं हाय, नर्सबाई?"

"लेकरू न्हाई, पण ही बाळंतीण हायच की."

त्यांनी निखारे भरून मला बाजेखाली सरकवलं, राजूबाईला निजवलं आणि उशाशी बसल्या. "बोल बाई, मी हितंच हाय."

राजूबाई त्यांच्याकडे कुशीवर वळली. "पोरगा होता का पोरगी? मला कुणीच सांगंना."

सुशीलाबाईंनी पार्वतीबाईंकडे पाहिलं.

"पोरगी," पार्वतीबाई कशाबशा म्हणाल्या. "लई केस होते. चिंचेखाली ठिवलंय तिला."

राजूबाईनं हंबरडा फोडला. पार्वतीबाई तिला गप्प करायला धावल्या, तर सुशीलाबाईंनी त्यांचा हात धरला. "रडू द्या." पुढे दर बाजारच्या दिवशी त्या येत राहिल्या. राजूबाई जेवायला लागली, चिंचेखाली जाऊन बसायला लागली. मग सुशीलाबाईंची बदली झाली.

काही वर्षांनी शेजारच्या कलाबाईचं बाळ असंच गेलं. राजूबाईनं मला पेटवलं, जुनेरात धरून त्यांच्या दारात नेलं.

"मेल्या लेकराची शेगडी आमच्या घरात नगं," म्हणत कलाबाईच्या सासूनं दार लावून घेतलं.

माझे निखारे विझेपर्यंत राजूबाई उंबऱ्याबाहेर बसून होती. दुसऱ्या दिवशी कलाबाई विहिरीत सापडली. माझी ऊब दारापर्यंत पोचली होती हो. तिच्या बाजेपर्यंत पोचली नाही.

आता माझा तळ गंजून गेलाय. गोठ्यात पडून असते, कोंबड्या माझ्यात अंडी घालतात. राजूबाईचे केस पिकले. तरी कुणाचं बाळ गेल्याचं कानावर आलं की ती खापरात निखारे घेऊन निघते. आजही निघालीय. तुमच्या दारात आली, तर तिला आत घ्या.