बदामाची चव्वी

सकाळी साडेनऊला बाहेर गाड्या लावायच्या जागेचं डांबर तापायला लागलेलं असतं, आणि आत दोन दारं ओलांडली की कुठलीच वेळ नसते. घड्याळ नाही, खिडकी नाही, गालिच्यावर पाऊलही वाजत नाही. शंभरेक यंत्रं एकाच सुरात गुणगुणत असतात. बावीस वर्षं तो सूर कानात घेऊन मी घरी जाते, आणि तिथे तो नसतो म्हणून मला धड झोप येत नाही. माझं नाव लूझ. कुणाची नोट आत जाईना, कुणाचं यंत्र अडलं, की यंत्राच्या डोक्यावरचा दिवा लागतो आणि मी जाते. बोल्डर हायवेवरच्या आमच्या कॅसिनोत बाहेरगावचे पाहुणे फारसे फिरकत नाहीत. गावातलीच निवृत्त मंडळी येतात, रोज त्याच खुर्चीत बसतात आणि कॉफी गार झाली की माझ्यावर खेकसतात.

व्हर्ना टॉलमन मे महिन्यातल्या एका मंगळवारी आल्या. अंगात चर्चला घालायचा निळा झगा, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरलेली. दाराशी उभ्या राहून डोळे मिचकावत होत्या. उन्हातून आत आलं की पहिली दोन मिनिटं काही दिसत नाही. माहीत असलेले थांबतात, नसलेले घाबरतात. या थांबल्याही नाहीत आणि घाबरल्याही नाहीत, तशाच चाचपडत पुढे आल्या. मी त्यांना लगेच ओळखलं, कारण डेलमारच्या पाकिटात त्यांचा फोटो होता.

डेलमार टॉलमन, त्यांचा नवरा, एकोणीस वर्षं रोज सकाळी आमच्याकडे व्हिडिओ पोकर खेळला. साडेनऊ ते साडेअकरा, मागच्या भिंतीजवळचं अर्ध्या डॉलरचं यंत्र. मार्चमध्ये तो गेला. मी पेपरात वाचलं. अंत्यविधीला गेले नाही, कारण कोण म्हणून जाणार होते?

"तू लूझ ना?" त्यांनी माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून विचारलं. "डेलमार टॉलमन बसायचा तिथे मला बसव."

चालता चालता त्यांनी मला सगळं सांगितलं, हवापाण्याबद्दल बोलावं तशा आवाजात. त्या मॉर्मन पंथाच्या. घरात दारू नाही, कॉफी नाही, पत्ते तर नाहीच. डेलमारही तसाच होता. मग त्यांची एकुलती एक मुलगी, जोलीन, गाडीच्या अपघातात गेली, आणि महिना व्हायच्या आत डेलमारने चर्च सोडलं आणि इकडची वाट धरली. एकोणीस वर्षं व्हर्नाबाई मुलीच्या खोलीतल्या चादरी बदलत राहिल्या. नवरा कुठे जातो ते त्यांना माहीत होतं. त्यांनी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

"पोरीला पुरून आल्यावर माणूस इथे काय बघायला येतो, तेवढं मला बघायचंय," त्या म्हणाल्या. "मग मी जाईन."

मला राग आला. मेलेल्या माणसाची झडती घ्यायला आल्यासारखं वाटलं मला ते. पण मी हसले, कारण हसायचाच मला पगार मिळतो.

पहिली चूक त्यांनी लगेच केली. यंत्राला टेकवून तिरपी ठेवलेली एक खुर्ची त्यांनी सरळ केली आणि तिच्यात बसल्या. आमच्याकडे तिरपी खुर्ची म्हणजे माणूस लघवीला गेलाय, परत येतोय. ती खुर्ची फ्रिट्झची होती. फ्रिट्झ म्हणजे आमचं जुनं गिऱ्हाईक, निवृत्त गवंडी, प्राणवायूचं नळकांडं चाकांवर ओढत फिरतो आणि सगळ्यांची उणीदुणी काढतो. तो परत आला, बाईंकडे पाहिलं, निळ्या झग्याकडे पाहिलं.

"अगं लूझ, ही काय माझ्यासाठी प्रार्थना करायला आलीय का? अजून मेलो नाही म्हणावं."

मी त्याच्या कानात सांगितलं कोण ते. त्याने टोपी काढली आणि बाईंना शेजारचं यंत्र दाखवलं. डेलमारचं तेच होतं. मार्चपासून तिथे फारसं कुणी बसलं नव्हतं. कुणी तसं ठरवलं नव्हतं, पण बसलं नव्हतं.

बाईंनी पर्समधून डेलमारचं कार्ड काढलं. नेहमीच्या गिऱ्हाइकांना आम्ही असं कार्ड देतो, पिळाच्या दोरीने ते शर्टाला अडकवतात. त्याची दोरी अजून तशीच होती. कुठे घालायचं त्यांनी विचारलं, मी खाच दाखवली. कार्ड आत गेलं आणि वरच्या अरुंद पट्टीवर हिरवी अक्षरं डावीकडे सरकू लागली. सुप्रभात, डेलमार. पुन्हा भेटून आनंद झाला, डेलमार.

व्हर्नाबाई त्या पट्टीकडे बघत राहिल्या. नाव सरकत गेलं, संपलं, पुन्हा उजवीकडून आलं. टपालातून येणारी पत्रंसुद्धा आता एकट्या मिसेसच्या नावाने येतात, बँकेने नाव काढलं, फोनवाल्यांनी काढलं, असं त्या म्हणाल्या. इथे मात्र तो अजून येऊन बसलेला होता.

"हे असंच राहील का?"

मी खरं ते सांगितलं. खरं तर तो गेल्याचं कळल्याच्या दिवशीच मी हे कार्ड बंद करायला हवं होतं. केलं नाही. कार्यालयात कुणी असल्या गोष्टी शोधत बसत नाही. फक्त एकाच डावात अडचण आहे. रॉयल फ्लश लागला, म्हणजे एकाच रंगाचे दश्शी, गुलाम, राणी, राजा आणि एक्का जुळले, तर या यंत्रावर दोन हजार डॉलर होतात. एवढी रक्कम लागली की यंत्र आपोआप कुलूपबंद होतं, वरचा साहेब येतो, ओळखपत्र बघतो. पैसे ज्याने बटण दाबलं त्याचेच, पण कार्डावर दुसऱ्याचं नाव दिसलं की कार्ड जप्त. नाव कायमचं जातं.

"आणि ते कितीदा लागतं?"

"रोज खेळलात तर वर्षातून चार-पाचदा. आज लागायचं नाही."

"मग मी रोज येईन," त्या म्हणाल्या. "आणि ते लागू देणार नाही."

मी मनात म्हटलं, बावीस वर्षांत असलं गिऱ्हाईक पहिलंच.

मग मला कळलं की पत्त्यांचं त्यांना सगळं पाठ आहे आणि यंत्राचं काहीच माहीत नाही. डेलमारच्या पाकिटात एक घडी घातलेला तक्ता होता, कुठले पत्ते धरायचे आणि कुठले टाकायचे त्याचा, वरपासून खालपर्यंत क्रमाने. तीन आठवडे स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्यांनी तो बायबलमधली वचनं करावीत तसा तोंडपाठ केला होता. पण नोट कुठे सरकवायची ते माहीत नव्हतं. वीस डॉलरची नोट त्यांनी उलटी घातली, यंत्राने ती जीभ काढून दाखवावी तशी बाहेर काढली, आणि बाई तिला 'माफ कर' म्हणाल्या. फ्रिट्झला हसू आवरेना.

नेहमी पाच नाणी, म्हणजे अडीच डॉलर, लावायची, मी सांगितलं, एक लावून डेलमारची इज्जत घालवू नका. हे बटण दाबलं की पाच पत्ते येतात. जे धरायचे त्यांच्याखालचं बटण दाबायचं, मग पुन्हा हे. धरलेले राहतात, बाकीचे बदलतात. गुलामाची जोडी किंवा त्याहून भारी काही असलं तरच पैसे परत. पहिल्या डावात त्यांना नव्व्यांची जोडी आली, धरली, काहीच झालं नाही, आणि पडद्यावर आलं: खेळ संपला. बाई पर्स घेऊन उठल्याच. फ्रिट्झने त्यांना बाहीला धरून बसवलं. ते दर डावानंतर येतं, तो म्हणाला, त्याचं मनावर घ्यायचं नसतं.

त्यानंतर तासभर त्या खेळल्या. हळूहळू त्यांची पाठ खुर्चीला टेकली. पर्स मांडीवरून पायाशी गेली. पत्ते येत होते, जात होते; पिवळ्या उजेडात राण्या तोंड फिरवून निघून जायच्या, नवे गुलाम यायचे, आणि वर ते हिरवं नाव न थकता फेऱ्या मारत होतं. पेय देणाऱ्या पोरीने आणलेलं लिंबूपाणी फुकट आहे यावर त्यांचा विश्वास बसेना. तिला एक डॉलर ठेवायचा असतो हे मी सांगितल्यावर बसला. इतर यंत्रांचे दिवे लागत होते, मी जात होते आणि परत त्यांच्यापाशीच येत होते. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. त्या भिंतीजवळ पुन्हा कुणीतरी होतं. मघाचा राग कुठे गेला मलाच कळलं नाही, आणि उद्या या आल्या तर काय काय शिकवायचं ते मी ठरवायला लागले होते.

मग तो डाव आला.

पाच पत्ते एकदम उघडले, पाचही बदाम. दश्शी, गुलाम, राणी, राजा. आणि चव्वी. एका रंगाचे पाच, म्हणजे फ्लश, पंधरा डॉलर हातात आल्यात जमा. पण चव्वी टाकली आणि तिच्या जागी बदामाचा एक्का आला, तर रॉयल. उरलेल्या सत्तेचाळीस पत्त्यांत तो एकच. फ्रिट्झचं यंत्र थांबलं. पोकर खेळणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या पडद्यावरचा असा डाव न बघताच कळतो.

बाईंनी माझ्याकडे मान वळवली. "काय करू?"

बावीस वर्षांत मी कुणाला मुद्दाम चुकीचा सल्ला दिलेला नव्हता. माझा नवरा दिवाळखोर झाला तेव्हाही मी गिऱ्हाइकाला खरं तेच सांगितलं.

"पाचही धरा," मी म्हटलं. "हातातलं सोडू नये."

फ्रिट्झने माझ्याकडे बघितलं आणि खाली बघितलं. बाईंनी पडद्याकडे बघितलं, मग वर हिरव्या पट्टीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"लूझ, तू खोटं बोलतेस. रॉयलला चार असतील तर फ्लश मोडायचा. तक्त्यात फ्लशच्या वर लिहिलंय, आणि त्याच्यापुढे त्याने पेन्सिलने खूण केलीय."

"पण मग नाव—"

"मला माहीतेय नावाचं." नाव दोनदा फिरून आलं. "पण त्याने टाकली असती. मी इथे त्याचं नाव राखायला नव्हते आले. तो काय करायचा ते बघायला आले होते."

त्यांनी चार पत्त्यांखालची चार बटणं एकेक करून दाबली. चव्वीखालचं सोडलं. मग पाठ सरळ केली, श्वास घेतला आणि मोठं बटण दाबलं.

चव्वी गेली. तिच्या जागी क्षणभर पत्त्याची निळी पाठ होती. तो क्षण किती लहान असतो ते मला माहीत आहे, रोज हजार वेळा बघते मी तो. पण त्या दिवशी तो संपेचना. यंत्रांची गुणगुण जणू दूर कुठे गेली, फ्रिट्झच्या नळीतला वाराही ऐकू येईना. बाईंचा चेहरा मी तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिला. त्यावर काही नव्हतं. दुःख नव्हतं, कडवटपणा नव्हता. एखादी मुलगी झोक्यावर उंच जाऊन तिथेच थांबावी तसा तो चेहरा होता.

किलवरची अठ्ठी आली. कशातच काही नाही. फ्लश गेला, रॉयल गेला, पडद्यावर खेळ संपला.

माझा जीव भांड्यात पडला. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं की कार्ड वाचलं, आता उद्या खुशाल या. त्या रडत होत्या, आणि त्यांना त्याचंच आश्चर्य वाटत होतं.

"ती नव्हती," त्या म्हणाल्या. "तो पत्ता उलटायच्या आधी. जोलीन नव्हती. मेलेली नव्हती, जिवंतही नव्हती, कधी झालीच नव्हती. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा." त्यांनी हाताच्या पाठीने नाक पुसलं. "मला वाटायचं, तो तिला विसरला म्हणून इथे येतो."

फ्रिट्झ म्हणाला, तसा नव्हता तो. मग त्याने स्वतःचं नळकांडं उगाच जवळ ओढलं.

बाईंनी खाचेतून कार्ड ओढून काढलं. वरची पट्टी काळी झाली. दोरी गुंडाळून त्यांनी ते माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, असू द्या, मी कुणाला सांगणार नाही. त्यांनी माझी मूठ कार्डावर बंद केली.

"बंद कर हे. माणूस दोन तास सगळं विसरायला यायचा आणि हे मेलं दर घडीला त्याला हाक मारत होतं."

यंत्रात अजून साडेसात डॉलर होते. ते कागदाच्या चिठ्ठीवर कसे काढून घ्यायचे ते मी दाखवायला वाकले, पण त्यांनी मला थांबवलं आणि पाच नाणी लावली. नावाशिवायचे पाच पत्ते आले. त्या ते बघत होत्या, धरत काहीच नव्हत्या.

"एकदा तरी मला 'चल' म्हणायचं होतं त्याने," व्हर्नाबाई म्हणाल्या. "मी आले असते. दोन खुर्च्या होत्या की इथे."

पलीकडे कुणाच्या तरी यंत्राचा दिवा लागला होता आणि मला जायला हवं होतं, पण मी कार्ड मुठीत धरून तिथेच उभी राहिले.